दोन सेल, एक कुंडी आणि बोर्डाची निवड

४ जानेवारी

कुंडीतली माती सुकली की छोटा दिवा लुकलुकला पाहिजे. एवढंच यंत्र. अ‍ॅडाप्टर नाही, वायर नाही. दोन एए सेल घालायचे आणि वर्षभर विसरून जायचं.

आईला कौतुकानं सांगायला गेलो तर म्हणाली, “अरे, बोट खुपस ना मातीत. कळतं की.” बोटाला सेल लागत नाहीत हे मान्य. तरीही करणार.

खणात तीन मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम घालून चालवायचे तळहाताएवढे संगणक) पडून आहेत: आर्डुइनो ऊनो, ईएसपी३२चा डेव्हलपमेंट बोर्ड आणि रास्पबेरी पाय पिको. नवीन काही मागवायचं नाही असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतंय.

५ जानेवारी

बोर्ड निवडायच्या आधी कागदावर एक भागाकार केला. दरवेळी हा शेवटी करतो, या वेळी पहिल्यांदा केला. चांगल्या अल्कलाइन एए सेलमध्ये साधारण २००० मिलिअँपिअर-तास धरले. दोन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होतं, क्षमता तेवढीच राहते. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे सरासरी करंट ०.२३ मिलिअँपिअरच्या आत राहिला पाहिजे. सोप्या भाषेत २३० मायक्रोअँपिअर.

ऊनो इथेच बाद. त्याला ५ व्होल्ट हवेत, आणि यूएसबीसाठी त्यावर एक वेगळी चिप कायम जागी असते. शिकायला सोन्यासारखा बोर्ड आहे, सेलवर चालवायला नाही.

११ जानेवारी

ईएसपी३२पासून सुरुवात. कारण एकच, तो हाताशी होता. आणि खरं सांगायचं तर फोनवर ‘पाणी घाला’ असा निरोप यावा हा मोह होताच.

पहिला पाऊण तास केबलनं खाल्ला. बोर्डावरचा लाल दिवा लागतोय, पण संगणकाला पोर्ट दिसत नाही. ड्रायव्हर काढला, घातला, परत काढला. शेवटी केबल बदलली आणि पोर्ट हजर. ती केबल फक्त चार्जिंगची होती, आत डेटाच्या तारा नव्हत्याच. तिला आता लाल टेप गुंडाळून ठेवलीय.

मग सेन्सर. मातीत खुपसायचे स्वस्त सेन्सर दोन प्रकारचे. दोन उघड्या पट्ट्यांमधून करंट सोडणारा नको, त्याच्या पट्ट्या ओल्या मातीत इलेक्ट्रोलिसिसनं काही आठवड्यांत खाऊन जातात. कपॅसिटिव्ह घेतला. त्याच्या पट्ट्या लॅकरखाली झाकलेल्या असतात आणि माती ओली झाली की आउटपुटचं व्होल्टेज उतरतं.

सेन्सरची आउटपुट वायर १२ नंबरच्या पिनेला लावली, कारण ब्रेडबोर्डावर तीच जवळ होती. बोर्ड सुरूच होईना. सीरियल मॉनिटरवर (बोर्ड जे बोलतो ते दाखवणारी संगणकावरची खिडकी) रिसेटच्या त्याच चार ओळी, परत परत. वायर काढली की चालू, लावली की बंद.

डेटाशीट, म्हणजे चिपचं तांत्रिक माहितीपत्रक, वाचल्यावर उलगडलं. ईएसपी३२च्या काही पिना चालू होण्याच्या क्षणी वाचल्या जातात आणि त्यावरून चिप स्वतःची मांडणी ठरवते. १२ नंबरची पिन त्या क्षणी ‘हाय’ असेल तर फ्लॅश मेमरीला ३.३ऐवजी १.८ व्होल्ट दिले जातात. माझा कोरडा सेन्सर अडीच व्होल्टच्या आसपास देत होता. म्हणजे कुंडी कोरडी असेल तेव्हाच बोर्ड मरणार, आणि पाणी घातलं की कदाचित जिवंत होणार! शिवाय १२ ही एडीसी-२ची पिन (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारा चिपमधला भाग), वाय-फाय चालू असताना तीवरून अ‍ॅनालॉग वाचताही येत नाही. वायर ३४वर हलवली, सगळं सुरळीत.

१२ जानेवारी

आज खरी परीक्षा. ईएसपी३२ला डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळपास सगळं बंद करून गाढ झोपेत टाकला, ५ व्होल्टच्या पुरवठ्याच्या वाटेत मल्टिमीटर घातला.

डेटाशीट म्हणते १० मायक्रोअँपिअर. माझा मीटर म्हणतो १०.६ मिलिअँपिअर. हजारपट.

दोघंही खरं बोलतायत. डेटाशीट चिपची आहे, मी मोजतोय बोर्ड. चिप गाढ झोपलीय, पण तिच्या शेजारचा, ५ व्होल्टचे ३.३ करणारा एएमएस१११७ रेग्युलेटर काही काम नसताना स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास पितो. पॉवरचा लाल दिवा जळतोय. यूएसबी-सीरियल चिप जागी आहे. घरातला कर्ता झोपलाय आणि बाकी सगळे दिवे लावून गप्पा मारत बसलेत, असा प्रकार.

२००० भागिले १०.६. आठ दिवसही नाहीत.

रेग्युलेटर उपटून चिपला थेट सेल जोडता आले असते. पण वाय-फाय पाठवताना ही चिप क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत खेचते. तेवढ्या झटक्यानं दोन एए सेलांचं व्होल्टेज बसतं आणि ब्राउनआउट होऊन चिप रिसेट होते. फोनवरचा निरोप रद्द. तसंही कुंडी खिडकीत आहे आणि खिडकी मला दिवसातून दहा वेळा दिसते.

१८ जानेवारी

पिको. हा बोर्ड मला मनापासून आवडतो. बूटसेल बटण दाबून यूएसबीत खोचला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यावर फाइल टाकली की झालं. मायक्रोपायथॉनमध्ये दहा मिनिटांत सेन्सरचे आकडे पडद्यावर आले. वाटेत कंपाइल नाही, अपलोड नाही. ओळ लिहा, एंटर मारा, उत्तर बघा. कुणी विचारलं की पहिला बोर्ड कुठला घेऊ, तर मी हाच सांगेन.

त्यात पिकोवर रेग्युलेटरही शहाणा आहे. १.८ ते ५.५ व्होल्टमध्ये काहीही द्या, तो ते चढवून किंवा उतरवून ३.३ करून देतो. दोन एए सेल अगदी संपत आले तरी चालेल. वाटलं, संपला शोध.

झोपेतला करंट: १.४ मिलिअँपिअर.

पिकोवरच्या आरपी२०४० चिपमध्ये याहून गाढ झोप आहे, पण त्यातून उठवायला बाहेरून इशारा लागतो. घड्याळ लावून आपलं आपण उठायचं, तर माझ्या बोर्डावर तरी हाच आकडा. दोन महिने निघतील. वर्ष नाही.

दोन गाभे, १३३ मेगाहर्ट्‌झ, २६४ किलोबाइट रॅम. आणि काम काय, तर अर्ध्या तासानं एक आकडा वाचून दिवा लावायचा की नाही ते ठरवणं. लग्नाचं कढईभर तेल तापवून एक पापड तळण्यातली गत.

नवीन बोर्ड मागवायचा नाही हा निश्चय चौदा दिवस टिकला.

२५ जानेवारी

आर्डुइनो प्रो मिनी आले, दोन. ऊनोवरचीच एटीमेगा३२८पी चिप: ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. पण बोर्डावर यूएसबी नाही, एक रेग्युलेटर आणि दोन दिवे सोडले तर फारसं काहीच नाही. मला हेच हवं होतं. प्रोग्रॅम घालायला वेगळा यूएसबी-सीरियल अ‍ॅडॉप्टर लागतो, तो होता.

मागवताना ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्‌झचा प्रकार निवडला होता. दोन्हींवर एकच ब्लिंक, म्हणजे दिवा लुकलुकवणारा नमुना प्रोग्रॅम, चढवला. एकाचा दिवा सेकंदाला लुकलुकतोय, दुसऱ्याचा अर्ध्या सेकंदाला. भिंग लावून बघितलं तर दुसऱ्यावरचा क्रिस्टल, म्हणजे चिपच्या घड्याळाला ठोका देणारा भाग, १६ मेगाहर्ट्‌झचा. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं की ‘दोन्ही सारखेच चालतात’. नाही चालत. १६ मेगाहर्ट्‌झला या चिपला पावणेचार व्होल्टहून जास्त लागतात. ३ व्होल्टवर चालतेय असं वाटेल आणि एके दिवशी काहीतरी भलतंच वाचेल. तो बोर्ड बाजूला ठेवला. हे ओळखायला ब्लिंकसारखी चाचणी नाही. लोक ‘हॅलो’ म्हणून तो चढवतात आणि पुसतात. दिवा लागला का एवढंच न बघता किती वेळानं लागला तेही घड्याळ लावून बघावं.

२६ जानेवारी

ईएसपी३२वर लिहिलेला कोड जसाच्या तसा प्रो मिनीवर आणला. एकदा वाचलं, आकडा छापला आणि गप्प. मिनिटानं पुन्हा वाचायला हवं होतं. पाच मिनिटं झाली, काही नाही. रिसेट केलं की पुन्हा एकच आकडा.

वायरी हलवून बघितल्या, सेन्सर बदलला. चूक कोडात, आणि तीही अशी ओळ जिच्याकडे मी तीनदा बघून पुढे गेलो होतो: डिले(६० * १०००), म्हणजे इतके मिलिसेकंद थांब.

ईएसपी३२वर ‘इंट’, म्हणजे साधा पूर्णांक, ३२ बिटांचा असतो. या चिपवर १६ बिटांचा, त्यात ३२७६७च्या वर मावत नाही. ६०००० उलटून उणे ५५३६ झाले. डिलेला ऋण संख्या कळत नाही, त्यानं तो ४२९४९६१७६० मिलिसेकंद असा वाचला. भागून बघितलं, ४९.७ दिवस. बोर्ड बंद पडला नव्हता, इमानेइतबारे वाट बघत होता. तसाच ठेवला असता तर मार्चच्या मध्यात दुसरा आकडा आला असता.

१०००च्या पुढे ‘यूएल’ लावलं, म्हणजे हा आकडा मोठ्या, ऋण नसलेल्या पूर्णांकात धर. दोन अक्षरं.

१ फेब्रुवारी

झोपेचा कोड लिहिला. चिप पॉवर-डाउनमध्ये, तिच्या सगळ्यात गाढ झोपेत, टाकायची आणि उठवायला चिपमधलाच गजर, वॉचडॉग टायमर. त्याची जास्तीत जास्त मुदत ८ सेकंद, म्हणून २२५ वेळा उठून लगेच परत झोपायचं, मग अर्ध्या तासानं एकदा सेन्सर वाचायचा. वॉचडॉगचं घड्याळ ढोबळ असतं. माझ्या बोर्डावर अर्ध्या तासाची तेहतीस मिनिटं होतात. मातीला काही फरक पडत नाही.

संध्याकाळी भुताटकी. दोन्ही सेल काढून टेबलावर ठेवले, तरी दिवा लुकलुकतोय. मंद, पण लुकलुकतोय. आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, “मग सेल कशाला आणलेस?”

सीरियल अ‍ॅडॉप्टर जोडलेलाच होता. त्याच्या पाठवणाऱ्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट असतात. ते चिपच्या पिनेतून, आतल्या संरक्षक डायोडमधून, पुरवठ्याच्या तारेवर पोचत होते. चिप चोरवाटेनं जगत होती. म्हणजे दुपारभर मी मोजलेले करंटचे सगळे आकडे केरात. अ‍ॅडॉप्टर काढून उद्या पहिल्यापासून.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस मोजण्याचा. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की चिप उठताक्षणी रिसेट होते, कारण त्या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो आणि जागेपणीच्या करंटला सगळं व्होल्टेज तोच खातो. उपाय गावठी आहे: मीटरच्या दोन टोकांना मगरचिमटे लावून वायरीनं शॉर्ट करायचं, चिप झोपली की वायर सोडायची आणि आठ सेकंदांच्या आत आकडा वाचायचा.

जसाच्या तसा बोर्ड, झोपेत: १.९ मिलिअँपिअर. हा पिकोपेक्षाही वाईट!

पॉवरचा दिवा डाग सोडवून काढला: ३४० मायक्रोअँपिअर. मिलिमीटरभर दिव्यानं दीड मिलिअँपिअर नेला होता.

झोपण्याआधी एडीसी बंद करायची एक ओळ घातली: १०५. झोपेची आज्ञा दिली की एडीसी आपोआप बंद होत असेल असं मी गृहीत धरलं होतं. नाही होत.

रेग्युलेटर काढला. दोन सेल थेट व्हीसीसीवर (पुरवठ्याच्या पिनेवर) असताना त्याचं काम नव्हतंच, उलट त्याच्यातून करंट मागे गळत होता. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथलाचा मोठा थेंब घेऊन त्याचे पाय एकदम तापवले, चिमट्यानं उचलला. एक पॅड अर्धा उपटला, पण तो वापरात नाही. आता २६.

उरलेले कुणाचे? ब्राउनआउट डिटेक्टरचे, म्हणजे व्होल्टेज घसरलं तर चिप थांबवणाऱ्या पहारेकऱ्याचे. झोपेपुरता तो बंद करायची सोय याच ‘पी’वाल्या चिपमध्ये आहे. तो बंद केल्यावर ५.५ मायक्रोअँपिअर.

डेटाशीट ३ व्होल्टवर वॉचडॉगसकट ४.२ म्हणते. इतक्या जवळ मी आजवर कुठल्याच डेटाशीटच्या गेलो नव्हतो. मीटरचा फोटो काढून ठेवला.

८ फेब्रुवारी

दिवा लाल. निळ्या-पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, सेल उतरले की ते मिणमिणायला लागतात. लाल १.८वर पेटतो. दर आठ सेकंदांनी फक्त २० मिलिसेकंद. डोळ्याला पुरतं, आणि सरासरी दहा मायक्रोअँपिअरही लागत नाहीत.

सेन्सरला पुरवठा थेट चिपच्या एका पिनेतून दिला. त्याला पाचेक मिलिअँपिअर लागतात, पिन तेवढे आरामात देते. वाचण्यापुरती पिन ‘हाय’, २०० मिलिसेकंद थांबायचं, वाचायचं, पिन ‘लो’. सेन्सर कायम जोडून ठेवला असता तर फेब्रुवारीतली सगळी कापाकापी फुकट गेली असती.

हवेत आकडा ७९०, पाण्याच्या पेल्यात ३९०. आईनं जिला ‘आता पाणी घाल’ म्हटलं त्या मातीत ६१०. सीमारेषा ६१०. यापेक्षा शास्त्रीय कॅलिब्रेशन जमेल असं वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

नव्या सेलवर आठवडाभर छान चाललं. मग मुद्दाम रिमोटमधले अर्धवट वापरलेले सेल घातले, दोन्ही मिळून २.६५ व्होल्ट. यंत्र मेलेलं. नवे घातले की जिवंत.

अर्धा दिवस सेन्सरवर संशय घेतला. चोर भलताच निघाला: तोच पहारेकरी. झोपेत मी त्याला बंद करतो, पण चिप उठली की तोही उठतो, आणि कारखान्यातून त्याची मर्यादा २.७ व्होल्टवर लावलेली आहे. म्हणजे एकेक सेल १.३५वर आला की यंत्र बंद. अल्कलाइन सेलमध्ये तेव्हा अजून भरपूर जीव असतो. महिनाभर मायक्रोअँपिअर वाचवत बसलो आणि सेलाचा मोठा वाटा न वापरता फेकायच्या वाटेवर होतो.

मर्यादा १.८वर आणायची तर फ्यूज (चिपच्या मांडणीच्या आतल्या पक्क्या नोंदी) बदलावे लागतात, आणि ते सीरियलवरून बदलता येत नाहीत. बाद केलेला ऊनो कामाला आला. त्यावर ‘आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ हा, ऊनोकडून दुसऱ्या चिपमध्ये लिहून घेणारा प्रोग्रॅम चढवला, त्याच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला (नाहीतर प्रोग्रॅम घालताना ऊनो स्वतःच रिसेट होतो), आणि सहा वायरी प्रो मिनीला. ऊनो ५ व्होल्टचा, म्हणून सेन्सर आधी काढून ठेवला. संगणकावरच्या एव्हीआरड्यूड या प्रोग्रॅमनं एक्स्टेंडेड फ्यूज ‘एफडी’चा ‘एफई’ केला. फ्यूज लिहिताना मी नेहमी श्वास रोखतो. घड्याळाचा फ्यूज चुकून भलता लिहिला तर चिप पुढे ओळखच देत नाही.

पण १.८ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्‌झ चालत नाही, ४पर्यंतच हमी आहे. म्हणून कोडाच्या पहिल्याच ओळीत घड्याळ दोनानं भागलं. लगेच सीरियल मॉनिटरवर कचरा. कोडात ९६०० लिहिलंय, चिप बोलतेय ४८००नं. मॉनिटर ४८००वर नेला, अक्षरं परत आली. डिलेही दुप्पट झाले, ते निम्मे केले. वॉचडॉगचं घड्याळ वेगळं, त्याला काही कळलंच नाही.

तेच रिमोटचे सेल घातले. लुकलुकला.

९ मार्च

दुसऱ्या कुंडीसाठी दुसरा सेन्सर. दिसायला हुबेहूब, आकडा मात्र ओल्या-कोरड्यात हलतच नाही. पुन्हा भिंग. पहिल्यावर टीएलसी५५५ टायमर आहे, तो २ व्होल्टपासून चालतो. दुसऱ्यावर एनई५५५, त्याला किमान साडेचार लागतात. छापील नाव, रंग, आवृत्ती सगळं तेच. आता सेन्सर हातात आला की आधी त्या आठ पायांच्या चिपवरची अक्षरं वाचतो.

सेलचं व्होल्टेज मोजायची सोयही आज घातली. बाहेरून एकही रेझिस्टर नको: चिपच्या आत १.१ व्होल्टचा संदर्भ असतो, तो पुरवठ्याच्या तुलनेत वाचायचा आणि उलटा भागाकार करायचा. तो १.१ नेमका नसतो, १.० ते १.२मध्ये कुठेही. मीटरशी ताडून माझ्या चिपचा १.०८ निघाला. २.१च्या खाली गेलं की दिवा एकाऐवजी दोनदा लुकलुकेल.

२० एप्रिल

सगळा हिशोब परत मांडला. झोप ५.५ मायक्रोअँपिअर, अर्ध्या तासाच्या वाचनाचा सरासरी एक, माती कोरडी असताना दिव्याचे काही. पंधरा धरले तरी २००० मिलिअँपिअर-तास पंधरा वर्षं पुरतात. अर्थात पुरत नाहीत, सेल त्याच्या आधी आपोआप उतरतील नाहीतर गळतील. वर्ष मागितलं होतं, आता सेल गळण्याची भीती. दर दिवाळीत नको, पण दोन वर्षांनी तरी बदलायचे असं डबीच्या झाकणावर मार्करनं लिहिलं.

१६ मेगाहर्ट्‌झवाला प्रो मिनी अजून खणात आहे. त्याच्या चिपमध्ये ८ मेगाहर्ट्‌झचं अंतर्गत घड्याळ असतंच. फ्यूज बदलून क्रिस्टलकडे दुर्लक्ष करायला लावलं की दुसऱ्या कुंडीचं काम होईल. टीएलसी५५५वाला सेन्सर मिळाला की.

आज सकाळी दिवा लुकलुकत होता. मी उठेपर्यंत आईनं पाणी घातलेलं. दिवा बघून घातलंस का विचारलं, तर म्हणाली, “दिवा कुठला? माती सुकली होती.”

आत्ताचे आकडे: माती ४३५, सेल ३.०७ व्होल्ट.